तयारी तीच, पाहुणा वेगळा

प्रिय ढोरडॉक्टर,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. तू गळ्यात मारलेलं इसबगोल हे मनुष्यप्राण्यासाठी नाही. काल सकाळी पेल्यात टाकून ढवळलं, तेवढ्यात गॅसवाला दारात उभा राहिला. त्याची बोळवण करून परत येतो तर पेल्यात चमचा उभा! आधाराविना, समाधी लागलेल्या योग्यासारखा ताठ. पेला उपडा केला, हलवला, खालून थोपटला. आतला ऐवज जागचा हलेना. पोटातल्यांना बाहेरची वाट दाखवायची हे ज्याचं काम, त्यालाच पेल्यातून बाहेर पडता येऊ नये? तुझ्या म्हशी हे पितात का, आणि पीत असल्या तर तुझ्याविषयी त्यांचं मत काय, हे कळव.

अक्षर वेडंवाकडं आलंय ते तुझ्या लक्षात आलं असेल. त्याचा इसबगोलाशी संबंध नाही. सांगतो, पण मला माझ्या वाटेनं येऊ दे.

तुला आठवतं, अगदी सुरुवातीला मी भिंतीकडे तोंड करून तुला विचारलं होतं, की आपल्यातल्या अशा जवळिकीआधी माणसानं आपल्या पोटाचं नेमकं करायचं काय? आयुष्यभर कोशात शब्दांचे अर्थ लावणाऱ्या मला त्या प्रश्नासाठी एक शब्द सापडत नव्हता. तू मात्र गोठ्यात चारा सांगावा तसं सांगितलंस. कोंडा, फळं, भाज्या रोज, पण हळूहळू वाढवायच्या, एकदम नाही. पाणी भरपूर. आदल्या दिवशी कडधान्यं, कोबी आणि तिखट यांना सुट्टी. उपाशी मात्र राहायचं नाही, आणि जुलाबाच्या गोळीला हात लावायचा नाही. धुवायचं तर जरासं कोमट पाणी, जोर न करता. दुखलं की थांबायचं, रक्त दिसलं तर ते आधी तपासून घ्यायचं. आणि एवढं करूनही काही झालंच, तर टॉवेल आहे, साबण आहे आणि मी आहे, पंडित, असं म्हणून तू हसलास. त्या हसण्यावर मी इतकी वर्षं जगतोय, हे तुला कधी सांगितलं नाही.

पण मी पडलो सोवळ्यातला. तू सांगितलेला साधा आहार, मी त्याचं व्रत केलं. तू फिरतीवरून परतणार म्हटलं की आठवडाभर आधीपासून माझं अनुष्ठान सुरू. वरच्या मजल्यावरून वहिनी खाली येते, ओट्यावरच्या पिकल्या केळ्यांकडे आणि ओट्सच्या डब्याकडे बघते आणि म्हणते, भावजी, डॉक्टर येणार वाटतं! दादा गेल्यापासून तिच्या तोंडून निघालेला हा एकमेव विनोद, म्हणून मी तिला तो दर वेळी करू देतो. तिला किती कळतं ते विचारायची माझी छाती नाही. मागच्या खेपेला जाताना दार ओढून घेत म्हणाली, त्यांना सांगा, हा माणूस फार वाळलाय, जरा खाऊ घाला.

वाळलोय, हे खरं. मी ते व्रताच्या खात्यावर टाकलं होतं.

तू कुठल्याही गोठ्यात शिरलास की आधी शेण बघतोस, मग जनावर. मला त्याची किळस यायची, आणि तू मुद्दाम जेवताना त्याची वर्णनं करायचास. आमच्या घरची शिकवण उलटी. मान वळवायची, डोळे मिटायचे, साखळी ओढायची, हातपाय धुवायचे, विषय संपला. पन्नाशी आली तरी मी आपल्या देहातून काय बाहेर पडतं ते पाहिलेलं नव्हतं. या खेपेला तू फिरतीवर गेल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी टाकीच रिकामी निघाली. साखळी ओढली, पाणी आलं नाही. बादली आणायला वळलो आणि नजर गेली.

बीट खाल्लं असेल, असं मी स्वतःला समजावलं. बीट मी खात नाही. मग म्हटलं, मूळव्याध. त्यानंतर रोज बघू लागलो. तुझ्याइतका धीट झालो म्हण. रक्त ताजं लाल नव्हतं रे. काळपट होतं, मळात मिसळलेलं. फोनवर तू नेहमीसारखं विचारलंस, पोट कसंय? मी म्हटलं, उत्तम. मग तुझ्या त्या लाथाड्या घोडीची गोष्ट ऐकून मी हसलोसुद्धा. फोन ठेवला आणि मोरीच्या कठड्यावर बसून राहिलो.

दादाही मूळव्याधच म्हणायचा. वर्षभर मलम लावत होता, बायकोपासून लपवून. नळी उशीखाली ठेवायचा. वहिनीला ती चादर बदलताना सापडली, तोवर मलमानं बरं होण्यासारखं काही उरलं नव्हतं. हल्ली सकाळी संडासाची कडी लावताना मला दादाचा हात दिसतो. माझाच असतो.

म्हणून शेवटी आज दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वयानं आपल्या निम्म्या, आवाज हेडमास्तरांचा. खाणं विचारलं, वजन विचारलं, भावाचं विचारलं आणि त्याच सुरात, मागून संबंध येतो का, हेही विचारलं. भिंतीवर यकृताचं चित्र होतं. मी इतक्या एकाग्रतेनं त्याच्याकडे पाहिलं की आता ते मी स्मरणातून काढून दाखवीन. हो म्हणालो. बाई म्हणाल्या, म्हणजे जोडीदार आहे, छान झालं, भूल उतरेपर्यंत सोबत कुणीतरी लागतंच. बस्स! ज्या वाक्याला मी जन्मभर घाबरलो, त्याची व्यवस्था त्यांनी रिक्षा ठरवावी तशी लावली. संबंधांमुळे झालंय का, असं मी अडखळत विचारलं. त्या म्हणाल्या, अशा रक्ताचं कारण सहसा वर, आतड्यात असतं. काहीही असू शकतं, साधं किंवा साधं नसलेलं. आत बघितल्याशिवाय मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

तर सोमवारी दुर्बीण. गंमत ऐक. इसबगोल बंद! बिया, सालं, कोंडा बंद. आदल्या दिवशी नुसतं पातळ, आरपार दिसेल असं, आणि मग ज्याला तू हात लावू देत नव्हतास ते जुलाबाचं औषध, घागरभर. मी हसत सुटलो, बाईंना कळेना. इतकी वर्षं तुझ्यासाठी झाडून पुसून ठेवलेलं हे घर. तयारी तीच, पाहुणा वेगळा. आणि हा दिवा घेऊन येणार.

तू शनिवारी येतोयस. या खेपेला केळी नाहीत, काही नाही. सोमवारी माझ्यासोबत चल, एवढंच. दुर्बिणीत काय दिसेल याची भीती वाटते, फार वाटते. पण फोनवर खोटं बोललो ते त्यामुळे नाही. तुला मी ओळखतो. एखादी गाय दगावली तरी तू आठवडाभर आपले हात धूत बसतोस. हे ऐकून तू म्हणशील, माझ्यामुळे झालं, आणि मग मला कधी हात लावणार नाहीस, नुसती शाल पांघरून देशील. मला त्याची भीती वाटते.

तुझाच,
पंडित