बादलीतला घण

दादा,

तू पाती पोचवायला गेल्यावर मी भट्टी पेटवली. कोळसा उगाच जाळला म्हणू नकोस. तो जुना घण लालबुंद केला आणि तुझ्या आंघोळीच्या बादलीत सोडला. चर्र झालं, वाफ पार छताला लागली, मग नुसते बारीक बुडबुडे येत राहिले. मी तिथेच उकिडवी बसून बघत होते. घण निवत जातो, पाणी तापत जातं आणि शेवटी दोघंही सारखीच कोमट होतात. माघार कोणी घेतली ते कळतच नाही.

काल घाईघाईत पाणी देऊन कुऱ्हाडीचं तापलेलं पातं तडकवलं ते मीच. पण गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतंस. मग मीही नको नको ते बोलले. आता शहरातल्या कारखान्यात काम मिळतंय का बघते.

जेवण झाकून ठेवलंय. बादलीवरही झाकण आहे. आल्याआल्या आधी पाण्यात हात घालून बघ. गार लागलं तर मला बस मिळाली असं समज. कोमट असेल तर मी अजून थांब्यावरच बसलेय. आंघोळ नंतर केलीस तरी चालेल.

धाकटी