दगडी धक्का आणि लातूरची जहाजं

लातूर,
श्रावण, २००२

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा माणिकप्पा याचा शरणार्थ पोचावा. आपला गुडघा आता मांडी घालू देतो का, आणि महादेवीताईचा खोकला हटला की अजून औषधाची बाटली नुसती हलवूनच ठेवते, ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. (रीत म्हणून लिहिलं. खालचं वाचून झालं की हे वाक्य खोडायला आपण मोकळे आहात.)

मी रेडिओदुरुस्ती सोडून अण्णाराव सरांच्या अकॅडमीत लागलो, हे ताईने सांगितलं असेलच. लातुरात डॉक्टर-इंजिनिअर घडवणारे क्लास आता पानटपऱ्यांहून जास्त झाले, म्हणून सरांनी जहाजावरच्या नोकरीचा क्लास काढला. मांजरा नदीत उन्हाळ्यात म्हशीचं पोट भिजत नाही, तिथे जहाज कशाचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "माणिकप्पा, पोरं घडवायला पाणी लागतंय व्हय?" जहाज चालवायला शिकवणारा एक संगणकाचा खेळ त्यांनी मुंबईहून आणला. पडद्यावर समुद्र आणि पोरांच्या हातात सुकाणू (हे मी भंगारातल्या जीपचं बसवलं, हॉर्नसकट). पण आत एकच होडी आणि बोडका किनारा. नवी जहाजं आणि देखावा घालायचं काम माझ्याकडे आलं. मला कुणी शिकवलेलं नाही, पुस्तकं चाळत आणि चुकत शिकलो. मोठी जहाजं ओढणारा टग केला, मालवाहू जहाज केलं, मचवा केला. नांगराच्या भोकाखाली गंजाचा ओघळ कसा उतरतो तोसुद्धा काढला. (समुद्र मी पाहिलेला नाही, हे खरं. पण मूर्तिकाराने तरी देव कुठे पाहिलेला असतो?)

आणि मग धक्का. जहाज जिथे टेकवून बांधतात तो बंदरातला दगडी बांध. दाजी, असा धक्का या हातून पुन्हा होणार नाही. इथल्या जुन्या गल्लीतल्या भिंतींचे फोटो काढले आणि काळा दगड, मधल्या फटींत पांढऱ्या मातीची दरज, एकेक दगड वेगळा बसवला. दोन दगड सारखे दाखवणाऱ्याला मी माझं घड्याळ काढून देईन. पण पहिल्याच धड्याला काय व्हावं! पोरगं ऐटीत येतं, दीपस्तंभ ओलांडतं, वेग कमी करतं, आणि धक्का जवळ आला की सुकाणू गरकन फिरवून परत खोल समुद्रात! एक नाही, झाडून सगळे. मी वारा बंद केला, भरती काढून टाकली, पाणी परातीतल्यासारखं निवांत केलं. तरी तेच. फक्त लोहा गावच्या अनस नावाच्या पोराने जहाज असं लावलं, जणू झोपलेलं पोर पाळण्यात ठेवलं. म्हणजे धक्का निर्दोष. पण अण्णाराव सरांना हे पटेल तर ना! म्हणाले, "रविवारी मुंबईचे कप्तान तपासायला येऊन राहिलेत. जहाज लागलं तर तुम्ही हितं, न्हाई तर तुम्ही अन् तुमचा रेडिओ."

शेवटी मी हरिओमला धरलं. निलंग्याकडचा, हुशार पोरगा.

"लावतो की सर. पर जरा मोकळ्यात लावू द्या."

"मोकळ्यात म्हणजे कुठे रे?"

"भिंत पडली तरी जहाजावर येणार न्हाई, एवढ्या लांब."

वर्गात कुणी हसलं नाही. मग माझ्या ध्यानात आलं की सुकाणू फिरवणारी सगळी पोरं त्र्याण्णवच्या भूकंपाच्या गावांतली, तेव्हा आठ-दहा वर्षांची. लोह्यात त्या पहाटे नुसती भांडी वाजली होती. मी म्हटलं, बाळांनो, हे चित्र आहे. "हाव सर, ठाऊक हाय," म्हणाले, आणि पुन्हा सुकाणू गरकन फिरवलं!

सरांनी तोडगा काढला आहे, धक्क्यावर पत्रे ठोका. माझ्या धक्क्यावर! दाजी, आपण भूकंपानंतर तीन वर्षं पत्र्याच्या शेडात काढलीत, आपणच सांगा, शिकल्यासवरल्या माणसाने पडद्यावरच्या भिंतीला भ्यावं का? मी तर हताश झालो आहे. राजीनामा लिहून ठेवला आहे, अक्षर चांगलं आलं आहे.

आपला आज्ञांकित,
माणिकप्पा

ता. क. – पत्र खिशातच राहिलं आणि रविवार उलटला. पत्रे ठोकून धक्क्यावर शेड केलं. (उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले, तर वर्ग ओरडला, "सर, दगड नगं, वाळूची पोती ठिवा!") झाडून सगळी जहाजं लागली. कप्तान म्हणाले, पत्र्याचं शेड अगदी बंदरातल्यासारखं जमलंय, पण धक्क्याला माती कुठल्या शहाण्याने लावली? अण्णाराव सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नोकरी राहिली. राजीनामा फाडला, अक्षराचं वाईट वाटलं.

ता. क. दुसरा – आपल्या गोठ्यामागे शेडाचे जुने पत्रे पडून असल्याचं ताई म्हणत होती. त्यांतले सहा-सात लातूरवरून मुरुडला जाणाऱ्या टेम्पोत टाकून द्यावेत. हे संगणकासाठी नाहीत. माझ्या उशाची भिंत त्याच दगडाची, त्याच मातीची आहे. इतकी वर्षं तिच्याखाली घोरत होतो, पण त्या पोरांनी सुकाणू फिरवताना पाहिल्यापासून डोळा लागत नाही. अंगणात शेड घालीन म्हणतो. पोती इथे मिळतात. ताईला मात्र पत्रे कोंबड्यांसाठी म्हणून सांगावे.