आमच्या घरची भुलाबाई

कोजागिरीचा आदला दिवस, १९७१. नागपूर.

कुसुमकडे भुलाबाईची गाणी झाली. मग झाकलेला डबा हलवून आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. डबा माझ्याकडे आला तशी कुसुमच म्हणाली, “तुले कसं समजन वं, मड्डम? तुमच्या घरी केक असते!” सगळ्या हसल्या.

बाबा अँग्लो-इंडियन, पण आई इथलीच ना? डब्यात मुरमुरे होते, मला कळलं होतं. तरी डबा पुढे सरकवला.

कुसुम मला मैत्रीण म्हणून बोलावते, की हसायला? शेवटची, कोजागिरीची भुलाबाई आमच्या घरी, असं तीच म्हणाली होती. आज निघताना म्हणाली, “उद्या माह्याच घरी करू, जागा मोठी आहे.” जागा! तिची खोली जेमतेम आमच्या ओसरीएवढी.

घरी आले तर आई उद्यासाठी केलेल्या वड्यांचा डबा कानाशी हलवत होती. “आवाजावरून पोरींले समजन का वं?”