चतुराची अळी आणि झिंगा असलेल्या दगडाबाबत

प्रति,
मा. संचालक,
निसर्गविज्ञान संग्रहालय,
प्रशासन शाखा, दुसरा मजला.

विषय : कापण्यात आलेल्या जीवाश्म-शिळेच्या दोन भागांबाबत विनंती.

संदर्भ : १) संग्रहाच्या विभागणीचे आपले परिपत्रक.
२) कीटक विभागप्रमुखांना आपण पाठविलेले स्मरणपत्र.

महोदय,

मी आपल्या संग्रहालयाच्या कवचधारी विभागात, म्हणजे झिंगे, खेकडे व तत्सम प्राण्यांच्या जीवाश्मांवर, संशोधन करते. कीटक विभागाचे प्रमुख हे माझे पती होते. प्रस्तुत अर्जात कार्यालयीन व घरगुती बाबी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्याबद्दल क्षमस्व. त्या वेगळ्या करून पाहिल्या, जमले नाही.

१. सदर शिळा आम्हा दोघांना एका बंद पडलेल्या खाणीत मिळाली. तळ्याच्या गाळापासून बनलेला तो पाटीसारखा दगड माझ्या पतींनी छिन्नीने उघडला. आत चतुराची पाण्यात वाढणारी अळी होती, आणि तिने जबडा लांब काढून नखाएवढा एक झिंगा धरलेला दिसत होता. शिकारीच्या ऐन क्षणी दोघांवर गाळ बसला असावा. "बघ, माझ्या किड्यानं तुझ्या झिंग्याला धरलंय. सोडवून दाखव," असे ते हसत म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही मिळून हाती घेतलेले हे पहिलेच संशोधन. एरवी आमची टेबलेसुद्धा वेगवेगळ्या मजल्यांवर होती.

२. जबड्याचे टोक झिंग्याच्या कवचात खरोखर रुतले होते की नुसते शेजारी पडले होते, यावर आमचा सगळा लेख अवलंबून होता. त्या जागेवर गाळाचा पातळ थर होता. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने बाकीचा दगड साफ करून झाला, तरी ती जागा आम्ही मुद्दाम शेवटी राखून ठेवली होती. ती दोघांनी शेजारी बसून उघडायची, असे ठरले होते. त्याच सुमारास त्यांच्या फुप्फुसाचा आजार बळावला. मी रजा घेऊन रुग्णालयात राहिले.

३. दरम्यान आपले परिपत्रक निघाले. कीटक नव्या इमारतीत जावेत, कवचधारी जुन्या इमारतीत राहावेत, आणि एका वस्तूची नोंद दोन संग्रहांत असू नये. त्यानुसार भांडारपालांनी शिळेवर खडूची रेघ मारून ती कापून घेतली. रजा वाढवून घेण्यासाठी मी आले, तेव्हा माझ्या कपाटात मला अर्धाच दगड दिसला. दगड कापणाऱ्या कारागिराकडे गेले. तो बिचारा म्हणाला, "बाई, रेघ होती तिथूनच पातं चालवलं. का हो, मधे काही होतं का?" पात्याच्या जाडीएवढा दगड भुगा होऊन पाण्याबरोबर मोरीत गेला होता. पकडीची ती राखून ठेवलेली जागा त्या जाडीत होती. भांडारपालांचे म्हणणे असे की, "मॅडम, दोन्ही प्राणी शाबूत आहेत, कुणालाच धक्का लागलेला नाही." हे खरे आहे, म्हणून नमूद करते.

४. त्या संध्याकाळी पतींनी विचारले, "उघडलीस का गं ती जागा?" मी म्हटले, "तुमच्यासाठी ठेवलीय." त्यावर ते म्हणाले, "सोडलं तर नाही ना त्यानं?" मी नाही म्हटले. पुढे बोलताना धाप लागू लागली, तेव्हा ते नुसती मूठ आवळून दाखवीत आणि भुवया उंचावीत. मी मान हलवत असे. शेवटच्या दिवशी मूठ त्यांना नीट आवळता आली नाही. तरी मी मान हलवली.

५. नंतर मी नव्या इमारतीतील तुकडा पाहण्याची परवानगी मागितली. त्यासाठी कीटक विभागप्रमुखांची सही लागेल, असे कळविण्यात आले. ते हयात नसल्याचे मी लेखी कळविले. त्यावर आमच्या घरी त्यांच्याच नावे स्मरणपत्र आले, की आपल्या सहीअभावी प्रकरण खोळंबले असून विलंबाचा खुलासा समक्ष येऊन करावा. ते पत्र माझ्या सासूबाईंच्या हाती पडले. वयोमानाने त्यांच्या लक्षात काही राहत नाही. त्यांनी मुलाचा ऑफिसचा शर्ट काढून पलंगावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "अगं, साहेबांचं बोलावणं आलंय. आज तरी वेळेवर उठव त्याला." मी शर्ट परत कपाटात ठेवला. त्यांनी तो पुन्हा काढला. अशी पत्रे यापुढे कृपया माझ्या नावे पाठवावीत.

६. कोणाची चौकशी व्हावी, असे माझे म्हणणे नाही. लेख मी मागे घेतला आहे, कारण जे पाहिले नाही ते लिहिता येत नाही. तुकडे चिकटवावेत अशीही मागणी नाही, कडा आता जुळणार नाहीत. विनंती एवढीच, की दोन्ही तुकडे एका खणात समोरासमोर ठेवावेत. इमारत कोणतीही चालेल, नोंदी दोन राहिल्या तरी चालतील. फक्त मध्ये थोडी जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढे कधी पाहणाऱ्याला कळेल की इथे काहीतरी होते.

उत्तर आले नाही, तर मी स्वतः येऊन बाहेरच्या बाकावर थांबेन.

आपली नम्र,
(सही)
संशोधक, कवचधारी विभाग
दिनांक : ९ मार्च

सोबत : १) दोन्ही तुकड्यांची छायाचित्रे (नव्या इमारतीतील तुकड्याचे काचेबाहेरून घेतलेले).
२) पतींच्या मृत्यूच्या दाखल्याची सत्यप्रत (पुन्हा एकदा).