तुझ्या नावाचा बोराक

सेलाकान बेट,
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

नुरहायाताईस धाकट्या जालिहाचा प्रेमाचा सलाम.

तू, दाजी आणि बाळ सुखरूप असाल अशी दुआ करते. दाजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. (साब्तलची पाठ धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) आईचे गुडघे होते तसेच आहेत, जीभ उत्तम आहे. फोनवर मी आईचा विषय काढला की तुला एकदम आवाज येईनासा होतो, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. विशेष काही नाही. यंदा आईचा उन्हात तोंडाला लावायचा बोराक मी घरी केला, त्याची गंमत फक्त सांगते.

आईच्या बोटांचे सांधे सुजल्यापासून तिला पाट्यावर वाटता येत नाही. मागच्या वर्षीच्या बोराकचा डबा रमजानच्या आधीच खडखडला. पण समुद्रात शेवाळ पिकवतो त्या दोरांवर जायचं ती सोडेल तर शपथ. रोज होडी काढते, आणि या उन्हात कोऱ्या तोंडाने! नाकाची सालं निघाली, कपाळ उकडलेल्या खेकड्यासारखं झालं. पलीकडच्या धक्क्यावरच्या साल्बिया मावशीने आपला बोराक आणून दिला, तर आईने हुंगला आणि झाकण लावून परत केला. मी म्हटलं, मी करते. तर म्हणाली, "तू? तुझ्या हाताला गुण नाही. हात होता नुरहायाचा." ताई, तू सांदाकानला परस्पर लग्न उरकलंस तेव्हापासून चार वर्षं तिने तुझं नाव काढलं नव्हतं. काढलं, तेही मला हिणवायला!

मग मीही इरेला पेटले. तांदूळ भिजत घातले. आता तुला ठाऊकच आहे, ते आंबून वास मारल्याशिवाय बोराक होत नाही, आणि आपल्या घरांची दारं कधी बंद नसतात. पहाटे मी पाणी बदलायची, दुपारी येता-जाता साल्बिया मावशी ("बिचारी कामात असते" म्हणून), आणि संध्याकाळी साब्तल, बायकोला मदत म्हणून. दहा दिवस रोज तीन वेळा न्हालेला तांदूळ कसला आंबतो! शेवटी तो इतका शुभ्र दिसायला लागला की मी दोरांवर गेलेली असताना साब्तलने मोठ्या प्रेमाने त्याचा भात टाकला. (भात चांगला झाला होता. मला रडायला येत होतं, तरी दोनदा घेतला.)

दुसऱ्या वेळी कुणाचा हात लागू नये म्हणून बादली घराखाली, पाण्यातल्या खांबांच्या मधे टांगली. कुणाला सांगितलं नाही. आठव्या दिवशी वास फळ्यांच्या फटींतून वर आला. नेमके त्याच दिवशी इमामसाहेब नव्या होडीची दुआ करायला आलेले. बिचारे तोंडावर रुमाल धरून बसले आणि दुआ जरा आटोपती घेतली. साब्तलला वाटलं, खाली घूस मेली. त्याने जमिनीच्या अकरा फळ्या उचकटल्या (पाठ तिथेच धरली) आणि मी घरी पोचायच्या आत बादली समुद्रात उपडी केली. मला बघून विजयी वीरासारखा ओरडला, "सापडलं गं! काय मेलं होतं ते मात्र कळलं नाही!" दोन दिवस आपल्या घराखाली मासासुद्धा फिरकला नाही.

तिसऱ्यांदा मी धक्क्यावर उभी राहून गावाला ओरडून सांगितलं, की बादलीला जो हात लावेल त्याची माझ्याशी गाठ आहे. या वेळी तांदूळ आंबला, मग पाणी बदलता बदलता वासही गेला. हळद आणि पानदानाची वासाची पानं घालून तीन दुपारी वाटला, फडक्यावर थेंब थेंब टाकून उन्हात वाळवला, कोंबड्यांवर काठी घेऊन पहारा केला. सगळं झाल्यावर लक्षात आलं, आई माझ्या हातचा लावणार कुठे? मी डबा घेऊन दारात घुटमळले. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज, "अगं ऐकलंस का, सांदाकानच्या बोटीने डबा आलाय! तुझ्या थोरलीने पाठवला!"

ताई, मी खोटं बोलले नाही. गप्प बसले एवढंच. आईने डबा हातात घेतला. उघडला, वास घेतला, आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी होडीत चढली तेव्हा डोळे सोडून सगळा चेहरा पिवळा होता. आता दोरांवर भेटेल तिला सांगते, "माझ्या थोरलीच्या हातचा आहे." मी शेजारच्या होडीत, पेंढ्या बांधत ऐकते. पहिल्या दिवशी एक गाठ इतकी करकचून आवळली की दोरीच तुटली. मग तिच्या नाकावर नवी कातडी धरायला लागली, तशी माझी तक्रार कमी झाली. पूर्ण गेली असं लिहिणार नाही.

बाळाला पापा. दाजींना सलाम.

तुझी,
जालिहा

ता. क. कुणी विचारलं तर बोराक तूच पाठवलास म्हण. मावशीची अब्रू आता तुझ्या हातात आहे.

ता. क. २. डबा फार तर महिनाभर पुरेल. मी आणखी करीन, त्याचं काही नाही. पण दर वेळी सांदाकानची बोट कुठून आणू? ताई, एकदा तूच ये ना तिच्यातून. आई दार उघडेल की नाही अशी भीती वाटते तुला, मला माहीत आहे. मला वाटतं, उघडेल. खात्री मात्र देता येत नाही.

ता. क. ३. आई मागे येऊन बसली. "कुणाला लिहितेस?" म्हणाली. खोटं बोलवेना, सांगितलं. म्हणाली, "मग माझंही लिही." सांगते तसंच्या तसं लिहिते आहे: "डबा उघडला तेव्हाच कळलं मला. तुझ्या हातचा असता तर त्याला बुरशी आली असती. तुला जन्मात कधी बोराक जमला नाही, वाटताना अर्ध्यात उठून पोहायला पळायचीस. ही जालिहा तांदूळ माझ्याहून बारीक वाटते, पण तिला सांगू नकोस. चार वर्षं तुझं नाव घ्यायचं नाही म्हणून बसले होते, मग घेणार तरी कशावरून? या डब्याचं निमित्त मिळालं. पोराला घेऊन ये."

पुढे काही सांगत नाही. पण उठतही नाही. म्हणून मी अजून पाकीट बंद केलेलं नाही.