खोली गार राहायला हवी

प्रिय पियू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी म्हणशील, ही बया आता पत्रं लिहायला लागली, वेड लागलं की काय हिला. लागलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कितीदा लिहिलं आणि पुसलं. फोन केला असता तर तू सेटवरच्या त्या घाईच्या आवाजात ‘हां, बोल’ म्हणाली असतीस आणि मी ‘काही नाही गं, सहज’ म्हणून ठेवून दिला असता. म्हणून कागद घेतला. ओळी मध्येच उतरणीला लागलेल्या दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आधी घरचं सांगते. आमच्या आतल्या खोलीतला एसी गेला. म्हणजे एका दिवसात नाही गेला, रोज थोडा थोडा जात होता. पप्पांनी बेस्टमधून रिटायर झाल्यावर हौसेनं आणलेला तो. तू तेव्हा मानखुर्दला आमच्या घरी येऊन ‘काका, आता इथंच राहायला येते’ म्हणाली होतीस. पप्पा गेल्यापासून आई त्या खोलीत झोपलीच नाही. हॉलमध्ये पंख्याखाली चटई टाकते. परभणीच्या उन्हात वाढलेली बाई. तिचं म्हणणं, उन्हानं कुणी मरत नसतं आणि एसीच्या वाऱ्यानं गुडघे धरतात. पण ते यंत्र काढू या म्हटलं की तिचा चेहरा असा बंद व्हायचा की पुढे बोलायची सोय नाही. त्यांनी आणलेलं आहे, राहू दे. बास. आणि इकडे ऑक्टोबर लागला, खाडीकडून एक झुळूक येईना, आणि एसीच्या तोंडातून कोमट वारा.

पहिला आला नंदकिशोर. आमच्या बिल्डिंगखालीच त्याचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. बोलायला एकदम गोड. पाइपला हात लावला आणि म्हणाला, ‘ताई, गॅस गेलाय. भरून देतो, झकास चालेल.’ भरला. काही दिवस खोली अशी गार की मी चादर काढली. मग परत तेच. परत बोलावला तर म्हणाला, ‘ह्या वेळी जास्त भरतो.’ मी विचारलं, अरे पण तो जातो कुठे? तर हसला. ‘ताई, गॅस आहे. जाणारच ना.’

मग कंपनीचा माणूस. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्यानं यंत्राचं झाकणसुद्धा उघडलं नाही. कॉम्प्रेसर बसला, म्हणे. मॉडेल जुनं, पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. मी म्हटलं, उघडून तरी बघा. ‘उघडून काय बघणार मॅडम? त्याचं वय बघा.’ आई दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, ‘वयावरून काढून टाकायचं म्हणलं तर उद्या मलाबी टाकशील.’

तिसरा अंधेरीचा. आपल्या स्टुडिओतल्या मेकअप रूमचे एसी बघतो ना, तोच. नंबर माझ्या फोनमध्ये होता, तुला विचारावं लागलं नाही. ह्याचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यानं सगळं उघडलं, साबणाचा फेस लावला आणि आतल्या कॉइलवर बुडबुडे येताना मला दाखवले. तांबं पार काळं पडलेलं. म्हणाला, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, पण तुमच्याकडची हवाच तांबं खाते. एका अंगाला खाडी, एका अंगाला कचऱ्याचं डम्पिंग, खिडकीखाली नाला. कॉइल बदला. नवीन मशीन घेणारच असाल तर कोटिंगवाली कॉइल घ्या आणि नाल्याकडची भिंत सोडून समोरच्या भिंतीवर बसवा. मी खाली जाऊन नंदकिशोरला हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘कोटिंग-बिटिंग सगळी जाहिरात आहे ताई. अंधेरीवाले घाबरवतात.’ कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, जुन्यात नवीन कॉइल टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. ज्याला विचारावं त्याला बाकीचे दोघं मूर्ख वाटत होते, आणि मला तिघांचंही पटत होतं.

पियू, मला बसवेना. सकाळी उठल्यापासून त्या जाळीपुढे हात धरून उभी. खोलीत थर्मामीटर टांगला. तो बघायचा, मोबाइलवर कुठल्यातरी शहरातल्या कुठल्यातरी मेकॅनिकचे व्हिडिओ बघायचे, परत थर्मामीटर. खिडकी लावायची, उघडायची. आईला वाटलं, नोकरी सुटल्याचं डोक्यात गेलं. ‘लोकं काय एसीशिवाय जगत न्हाईत का?’ म्हणायची. जगतात. समोरच्या चाळीत पत्र्याखाली जगतात, मला दिसत नाही का? तिच्याशी भांडताना मला माझीच लाज वाटायची. पण खरं कारण सांगायला तोंड उघडत नव्हतं.

ते कारण सांगायचं तर मे महिन्यात जावं लागेल. स्टुडिओच्या मागच्या अंगणातलं आपल्या मालिकेतल्या लग्नाचं ते शूटिंग. ऊन, वर लाइटी, शामियान्यात चुलीसारखी धग. आदल्या दिवशीच्या सीनमधला सूनबाईंचा लाल शालू तू मला आणायला सांगितलास आणि मी मरून रंगाचा घेऊन आले. तू वेळेवर पकडलंस म्हणून निभावलं. हसत म्हणालीस, ‘डोळे कुठे ठेवलेस गं रश्मे?’ मीही हसले. मग कपडेपटात जाऊन दोन्ही साड्या शेजारी ठेवल्या आणि एकेक डोळा झाकून बघितलं. उजव्यानं लाल तो लाल. डाव्यानं तोच शालू धुऊन धुऊन विटल्यासारखा. आणि जिना उतरताना डावा पाय कुठे पडतोय ते कळेना, म्हणून कठड्याला धरून उतरले. घरी येऊन आंघोळ केली, एसीत पडले, आणि तासाभरात सगळं जवळजवळ जागेवर. दुसऱ्या दिवशी परत धग, परत तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलेच नाही, नुसता ‘जमणार नाही’ असा मेसेज टाकला. तू लिहिलंस, ‘दुसऱ्या प्रॉडक्शनला गेलीस ना? सांगून तरी जायचंस.’ मी कुठेही गेले नव्हते. ह्याच खोलीत होते.

नंतर डॉक्टर सुरू झाले. डोळ्यांचे म्हणाले चष्मा. हाडांचे म्हणाले मणका दबलाय, वाकू नका. एकांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. एक बाई तर म्हणाल्या, लग्नाचं टेन्शन घेता का? त्यांना म्हटलं, मी रोजच लग्नं लावते हो, सेटवर. शेवटी सरकारी हॉस्पिटलमधल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. तो रिपोर्ट घेऊन मी घरी आले, आईला म्हटलं, अशक्तपणा आहे, आणि एसी लावून आत जाऊन पडले. आई बाहेरून ओरडली, दिवसाढवळ्या एसी कशाला?

आता तो दिवस सांगते. अंधेरीवाला कॉइल बदलायची म्हणून आतलं यंत्र काढून घेऊन गेला. संध्याकाळी आणतो म्हणाला आणि आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई विहारात गेली होती, बायकांची बैठक होती. मी वरण लावलं. कुकरची वाफ, खिडकीतून गरम वारा, आणि डाव्या डोळ्यापुढे धुकं उतरायला लागलं. गॅस बंद केला तेवढं नशीब. पाय कापसाचे झाले. भिंतीला धरून धरून बाथरूमपर्यंत गेले आणि कपड्यांसकट नळाखाली बसले. आई आली तेव्हा मी तशीच होते.

‘काय झालंय? खरं सांग.’

मी म्हटलं, काही नाही, गरम झालं म्हणून बसले.

‘कापडासकट?’

मग सांगितलं. तिथंच, ओल्या फरशीवर. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात, आई. मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांवरचं आवरण शरीर स्वतःच खरवडतं. तिला नाव म्हणता आलं नाही, पण तिनं बरोबर तेच विचारलं जे विचारायचं होतं. ‘ह्याला औषध हाय?’ आहे. बरं होत नाही, पण आटोक्यात राहतं. ‘आन् गरमीनं वाढतंय?’ तेवढ्यापुरतं वाढतं. अंग गार झालं की परत खाली येतं. ती खाली बसली, तिचं लुगडं भिजलं तरी उठली नाही. म्हणाली, ‘आन् मी तुला उन्हाळाभर एसी बंद कर म्हणून वरडत हुते.’ मी म्हटलं, तुला कुठे माहीत होतं. तर म्हणाली, ‘तू सांगितलं असतंस तर माहीत झालं असतं.’ आणि मग माझं डोकं असं खसाखसा पुसलं की कान दुखले.

त्यानंतर सगळं तिनं हातात घेतलं. अंधेरीवाल्याला यंत्रासकट बोलावलं, खालून नंदकिशोरला हाक मारली, कंपनीच्या माणसाला फोनवर घेतलं. दोघं समोरासमोर आल्यावर कॉइलवरून जुंपली, मी पण मध्ये पडले, कॉपर, कोटिंग, गॅरंटी, सगळा गोंधळ. आईनं चहा ठेवला आणि तिघांनाही एकच विचारलं, ‘बंद पडला तर किती वेळात येनार?’ फोनवरचा म्हणाला, तक्रार नोंदवा, अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल. अंधेरीवाला म्हणाला, ‘मावशी, दुसऱ्या दिवशी नक्की.’ नंदकिशोर म्हणाला, ‘खिडकीतून हाक मारा. जिना चढायला लागेल तेवढा वेळ.’

‘मग ह्यालाच दे,’ आई मला म्हणाली.

मी तिला आत नेऊन म्हटलं, अगं, त्याचंच तर चुकलं होतं. दोनदा नुसता गॅस भरून गेला तो.

‘चुकू दे. चुकत चुकत का हुईना, येतो तर.’

शेवटी असं केलं. जुन्यावर आता विसंबायचं नाही, हे आईच म्हणाली. यंत्र नवीन घेतलं, अंधेरीवाल्यानं सांगितलेलं कोटिंगवालं, आणि बसवायला लावलं नंदकिशोरला. अंधेरीवाला रागावून गेला, त्याचं मला वाईट वाटलं. नाल्याकडच्या भिंतीच्या समोरच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. नंदकिशोर तिथं ड्रिल लावायला कचरत होता. आईनं स्वतः स्टुलावर चढून दोन्ही काढले, पदरानं पुसले आणि हॉलमध्ये दारासमोर लावायला दिले. म्हणाली, इथं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील. जुना एसी भंगारवाला उचलून नेत होता तेव्हा मात्र ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. हे नवीन किती वर्षं टिकेल, कोण खरं होतं, कुणास ठाऊक. सध्या खोली गार आहे. आई रात्री माझ्या शेजारी झोपते, गुडघ्यांवर शाल घेऊन, आणि एसीला शिव्या देत देत घोरते.

तरी माझी घालमेल गेलेली नाही. आधी वाटायचं, एसी चालू झाला की जाईल. आता खोली गार आहे आणि मी त्या गार खोलीत येरझाऱ्या घालते. डोळा जवळजवळ सुधारलाय. पाय सकाळी चांगला असतो. सलाईनमधून द्यायचं औषध ह्या महिन्यात सुरू होतंय, मग सहा महिन्यांनी परत. डॉक्टरांना विचारलं, काम करू का? ते म्हणाले, जरूर करा, फक्त तापू नका. हे एवढं सोपं वाक्य घेऊन मी किती दिवस घरात फिरतेय.

म्हणून हे पत्र, पियू. वरच्या मजल्यावरची कपडेपटाची खोली तू रेशमासाठी कायम थंड ठेवतेस. मला तिथं बसव. अंगणात, शामियान्यात मी येणार नाही, ते तू दुसऱ्या कुणाला दे. फोटोंवरून साड्या-दागिने जुळवणं, पुढच्या दिवसाची मांडणी, फॉल-पिको, ब्लाउजांची उसवाउसवी, सगळं करेन. लाल रंगाची खात्री कुणाकडून तरी करून घेईन. सकाळी उन्हं चढायच्या आत पोचेन आणि ऊन उतरल्यावर निघेन. एखाद्या दिवशी येता आलं नाही तर खोटं कारण देणार नाही. जमत नसेल तर सरळ नाही म्हण, मला चालेल. पण ‘तू आराम कर’ असं म्हणू नकोस. कळलं की सगळे तेच म्हणणार आहेत. तू शिव्या घाल, आधी का नाही सांगितलंस म्हणून भांड, आणि भांडून झालं की विचार, कधीपासून येतेस.

तुझीच,
रश्मी