सोडणारं कुत्रं

आत्याबाई, काल नातवानं मोबाइलवर कुत्र्यांची शर्यत दाखवली. लांब पायांचे, चिंचोळ्या तोंडाचे कारवानी कुत्रे धुरळा उडवत पळत होते. तो म्हणाला, "आजी, काय स्पीड आहे बघ!" मी म्हटलं, "पळतात झकास, पण पुढं डुक्कर उभं राहिलं की काय करतील?" तो हसला. आपली आजी कोणत्या सासूच्या हाताखाली शिकली, हे त्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून आज लिहायला बसले.

मी सून होऊन आले तेव्हा पोलिस ॲक्शन होऊन थोडेच दिवस झाले होते. गावोगावच्या बंदुका सरकारजमा झाल्या होत्या, मामंजींचीही गेली होती. माणसांचं भय ओसरलं, पण खुलताबादच्या डोंगरातली रानडुकरं आता बिनघोर खाली उतरायची. एका रात्रीत अर्ध्या ज्वारीचा चिखल करायची. आपले कारवानी कुत्रे त्यांना गाठायचे, पण डुक्कर उलटलं की बारीक कमरेचं ते जनावर सुळ्यापुढं टिकायचं नाही. लागोपाठ दोन कुत्रे फाटून मेले. त्यांना पुरून आल्यावर तुम्ही जेवला नाहीत, एवढं मला आठवतं.

त्याच सुमाराला चाचा आले. जहागीरदारांचे कुत्रे सांभाळणारे. जहागीरदार हैदराबादला निघून गेले आणि एक विलायती कुत्रा चाचांच्या गळ्यात पडला. रुंद छाती, आडवा जबडा, मान बैलाच्या वशिंडासारखी. "बाई, मेरे कने ये भूखा मरेंगा. तुम रख लेव," असं म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. मामंजी म्हणाले, "ह्यो पळणार हाय व्हय? बसून भाकरी खाईल नुसता." तुम्ही त्या कुत्र्याच्या भोवती दोनदा फिरलात, त्याचा जबडा उघडून पाहिलात आणि म्हणालात, "ह्याला पळायचं नाय. ह्याच्या लेकरांना पळायचं हाय."

गावानं काय काय म्हटलं! आपली कुत्री माजावर आली की तुम्ही तिला धान्याच्या खोलीत कोंडायच्या आणि ठरलेल्या दिवशी त्या विलायतीपाशी न्यायच्या. पाटलाच्या घरच्या बाईमाणसानं असलं करावं का, असं चुलत सासूबाई तोंडावर बोलल्या. तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "गाय फळवायला नेता तवा कुणी डोळं झाकतं का?" मी चुलीपाशी पदर तोंडात धरून हसत होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि त्या दिवसापासून कुत्र्यांच्या कामात मला सोबत घेऊ लागलात.

पहिली वीण फसली. पिल्लं जड निघाली, ऊन चढलं की लिंबाखाली जीभ काढून पडायची. मामंजींना तर बोलायला विषयच मिळाला. तुम्ही ती पिल्लं गोठ्यांच्या राखणीला देऊन टाकलीत, त्यातली एकच हलकी मादी ठेवलीत, ती वयात आल्यावर तिला पुन्हा कारवानी नर दाखवलात. "चारातला एक हिस्सा जड, तीन हिस्से पळणारे," तुम्ही मला कणकेचा गोळा तोडून समजावलंत. त्या विणीत आपली तांबडी कुत्री झाली.

पिल्लं पारखायची तुमची रीत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. गोणपाटाचा तुकडा त्यांच्यापुढं ओढायचा. जे गुरगुरतं ते बाजूला. जे मुकाट धरतं ते जवळ. मग म्हणायचं, "सोड." जे सोडेल तेच ठेवायचं. मी विचारलं, "आत्याबाई, सोडणारं कशाला? धरणारं पाहिजे ना?" तुम्ही म्हणालात, "धरणारं समदेच मागतात, पोरी. सोडत नाय ते कुत्रं मरतं, नायतर माणूस मारतं."

मग तो सकाळचा प्रसंग. ज्वारीतून सुळेवालं डुक्कर थेट मामंजींवर येतंय. ते पाय घसरून पडलेत, भाला लांब पडलाय. तांबडी आडवी येते, कान धरते आणि अंग डुकराच्या अंगाला चिकटवून घेते, सुळा पोचू नये म्हणून. तिचे भाऊ मागून लटकतात. मामंजी उठतात, भाला घालतात. तुम्ही बांधावरून म्हणता, "सोड." ती सोडते. तिची मांडी फाटली होती. तुम्ही गोधडीच्या सुईनं शिवलीत, मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. मामंजी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

ही गोष्ट गावोगाव झाली आणि तालुक्याला नवीन आलेल्या सरकारी साहेबांच्या कानावर गेली. एक बिबट्या डोंगराकडंच्या शेळ्या नेत होता. साहेबांना तो हवा होता, आणि त्यासाठी आपले कुत्रे. बंदुकीच्या परवान्याचं बघू, असंही ते मामंजींना म्हणाले. मामंजी खुशीत हो म्हणून आले. तुम्ही एवढंच म्हणालात, "कुत्रे जातील तिथं मी जाईन." साहेबांच्या जीपमागं आपली बैलगाडी निघाली, तुमच्या हातात तांबडीची साखळी, माझ्या हातात तिच्या भावांची.

बिबट्या एका घळीत शिरला होता. आत अंधार, नुसती गुरगुर ऐकू येत होती. साहेब बंदूक रोखून म्हणाले, "सोडा कुत्रे. बाहेर ओढू द्या."

"नाय सोडणार," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"त्यो पाठ टेकून बसलाय, साहेब. समोरून जाईल त्ये फाटंल. मोकळ्यात येऊ द्या, मग सोडते."

मामंजी दातओठ खात पुटपुटले, "अगं, परवाना..." साहेबांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "कुत्रे कशासाठी पाळलेत मग?" तुम्ही साखळी मनगटाला आणखी एक वेढा दिलात. "मरायला नाय पाळले," म्हणालात आणि तिथंच दगडावर बसलात. पायानं बसलात, आवाजानं नाही. आवाज तसाच उभा होता.

बराच वेळ गेला. मग घळीच्या वरच्या फटीतून एक पिवळा लोळ उसळला आणि कातळावरून पलीकडं दिसेनासा झाला. साहेबांची गोळी दगडावर आपटली. ते जीपमध्ये बसून गेले.

परवाना कितीतरी वर्षं आला नाही. मामंजींनी अबोला धरला, पण त्या साली आपली ज्वारी डुकरांनी खाल्ली नाही, पुढच्या सालीही नाही. वैजापूर, बिडकीनपासून माणसं पिल्लू मागायला येऊ लागली. मामंजी त्यांना ओसरीवर बसवायचे आणि म्हणायचे, "मला नका इचारू, तिला इचारा." त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला तुमच्याकडं बघायचा मोह व्हायचा. तुम्ही मात्र समोरच्या माणसाला विचारत असायच्या, "घरी भाकरी कोण घालणार? तिला घेऊन ये, मग देते."

आता शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. तुम्ही केलेलं ते वाण गावकुत्र्यांत मिसळून गेलं. हे पत्र कुठं टाकायचं, म्हणून उशीखाली ठेवते. एक मात्र कधी बोलले नाही, आत्याबाई. सगळ्यांना मी सांगते की त्या दिवशी मी तुमच्या बाजूनं उभी होते. उभी होते खरी. पण ती गुरगुर ऐकून माझे हात शिवशिवत होते, आणि तुम्ही सोडावं, असं मला फार वाटत होतं.